मुक्ताने उचललेलं पुस्तक

प्रिय विन्या,

पत्र मिळालं. मुक्ताने नुसतं मुखपृष्ठ बघून एवढी जाडजूड फँटसी उचलली म्हणून तू चिडलायस. अरे, मग कशावरून उचलायची तिने? जग अनोळखी, राजे अनोळखी, मलपृष्ठावरचा मजकूर निम्मा डोक्यावरून जाणारा. चित्र तेवढं लगेच कळतं.

आता ते चित्र काढणाऱ्याने तरी पुस्तक वाचलेलं असतं का, विचारू नकोस. १९६५ साली बॅलंटाइन प्रकाशनाने अमेरिकेत टोल्कीनचं 'द हॉबिट' स्वस्तात काढलं, तेव्हा बार्बरा रेमिंग्टनने ते न वाचताच मुखपृष्ठ रंगवलं. त्यावर सिंह, एमू आणि गुलाबी गोळे लगडलेलं झाड! टोल्कीन असा भडकला म्हणतोस! सिंह पुढे काढला, एमू मात्र राहिले. तरी त्या आवृत्त्या धडाक्याने खपल्या.

मला वाटतं, आत काय आहे हे सांगणं मुखपृष्ठाला फारसं जमतच नाही. पुस्तक कोणासाठी आहे, एवढं मात्र ते बरोबर सांगतं. ब्लूम्सबरीने १९९८ मध्ये पहिला हॅरी पॉटर वेगळ्या वेष्टनात काढला. मजकूर तोच, फक्त वर आगगाडीचा काळा-पांढरा फोटो. लोकलमध्ये मुलांचं पुस्तक उघडायला लाजणाऱ्या मोठ्या माणसांची सोय!

ही सोय कुणाला दार उघडते, तशी कुणाला बाहेरही ठेवते. अर्सुला ले ग्विनचा 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ चा. त्यातला नायक गेड तांबूस-तपकिरी रंगाचा, बेटांवरचे बहुतेक लोक सावळे-काळे, आणि गोरे कोण, तर लुटायला येणारे कार्ग. तिने हे ठरवून केलं होतं. रूथ रॉबिन्सने पहिल्या आवृत्तीत गेड सावळाच रंगवला. पुढच्या कित्येक आवृत्त्यांवर मात्र तो गोरा झाला. बाई प्रकाशकांशी भांडल्या, बहुतेक वेळा हरल्या. सावळा नायक खपत नाही, हे प्रकाशकांचं ठरलेलं उत्तर. २००४ मधल्या एका भाषणात त्यांनी उलट विचारलं : काळी मुलं, भारतीय मुलं फँटसी घेत नाहीत, ती मुखपृष्ठावर स्वतःला कधी बघतच नाहीत म्हणून तर नसेल? भारतीय हा शब्द त्यांनी खरंच घेतला होता, विन्या. तू आणि मी वाचनालयात फँटसीचं कपाट ओलांडून सरळ रहस्यकथांकडे जायचो, ते आठवून मी जरा चपापलो. आपल्याला वाटायचं, आपली आवड!

म्हणून मुक्तावर ओरडू नकोस. मी अर्थसीच्या दोन आवृत्त्या कुरिअरने पाठवतोय, एकीवर गोरा गेड, दुसरीवर सावळा. दोन्ही टेबलावर ठेव आणि तू गप्प बस. ती कोणती उचलते ते कळव. न उचललेली तू वाच, म्हणजे तुझंही होऊन जाईल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या