ऑफसाइड सैल केला तर बचाव मागे सरेल

महोदय,

इंग्लंडच्या आर्सेनल क्लबचे माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी सुचवलेल्या फुटबॉलच्या ऑफसाइड नियमातील बदलावर आमच्या मैदानावर रोज वाद रंगतो. आज आक्रमकाचे डोके, धड किंवा पाय चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे असले, तर ऑफसाइड धरतात. वेंगर म्हणतात, अख्खा आक्रमक त्या बचावपटूच्या पुढे गेला, दोघांमध्ये उजेड दिसला, तरच ऑफसाइड धरा. पोरांना वाटते, मग गोलांचा पाऊस पडेल. मला ते पटत नाही.

मी मिरजेत वीस वर्षे लाइन्समन, म्हणजे रेषेवरचा साहाय्यक पंच होतो. आता संध्याकाळी चौदा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो. गेल्या रविवारी त्यांना अर्धा तास याच नियमाने खेळवले. पहिल्या दहा मिनिटांत चार गोल झाले. आमचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, अंगाने थोराड, पळायला जड. समोरचा फॉरवर्ड अर्धे अंग पुढे काढून उभा राहायचा आणि पास सुटला की दोन ढांगांत मोकळा व्हायचा. चौथ्या गोलानंतर कुणी न सांगता तो स्टॉपर पेनल्टी बॉक्सपर्यंत मागे आला. दोन्ही बॅक, म्हणजे बाजूचे बचावपटू, त्याच्या शेजारी. हाफलाइनपर्यंत चढून समोरच्यांना कोंडायचे, हे महिनाभर घोटून घेतले होते. ते दहा मिनिटांत मोडले. पुढच्या वीस मिनिटांत एकच गोल झाला, तोही लांबून.

१९२५ साली असेच झाले होते. तेव्हा नियम सैल झाला आणि आक्रमकापुढे समोरच्या संघाचे तीनऐवजी दोनच खेळाडू असले तरी तो ऑफसाइड ठरेना. इंग्लंडच्या पहिल्या विभागात एका हंगामात गोल १,१९२ वरून १,७०३ वर गेले. पण त्याच हंगामात न्यूकॅसलकडून ०-७ अशी हार खाल्ल्यावर आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी आपले खेळाडू चार्ली बुकन यांचा सल्ला ऐकून सेंटर हाफला, म्हणजे मधल्या फळीच्या मधल्या खेळाडूला, मागे, दोन बॅकांच्या मध्ये आणले. तिथून तिसरा बॅक रुजला.

लाइन्समनचे काम सोपे होईल, हेही खरे नाही. उजेड आहे की नाही, हाही प्रश्न इंचाचाच, आणि आमच्याकडे कॅमेरे नाहीत.

बॅक मागे सरले की त्यांच्या आणि हाफच्या (मधल्या फळीच्या खेळाडूंच्या) मध्ये मोठी जागा उघडी पडते. नियम आला तर सामने तिथेच जिंकले जातील. म्हणून या आठवड्यापासून माझे दोन्ही हाफ रोज पंचवीस यार्डांवरून तीस-तीस फटके मारतायत, डाव्या पायानेसुद्धा.

— एक माजी लाइन्समन, मिरज (जि. सांगली)