विजेत्याला दुसऱ्या दिवशी परत बोलवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दूरचित्रवाणीवरच्या ज्ञानाच्या कार्यक्रमांबद्दल आपल्या वाहिन्यांकडे एक मागणी करायची आहे. जिंकलेल्या स्पर्धकाला दुसऱ्या दिवशी परत बोलवा, आणि तो हरेपर्यंत बोलवत राहा. मागणी एवढीच. पण ती मला इतकी जिव्हाळ्याची का वाटते हे सांगायला थोडी जागा लागेल, ती द्यावी.

तालुक्याच्या वाचनालयात एकतीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करून मी निवृत्त झाले. डिसेंबर २०२१च्या मध्याला लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीत, एडिसनला गेले. बाहेर बर्फ, आत शेकशेगडी आणि अळिवाची खीर. संध्याकाळी सातला जावई टीव्ही लावत आणि ‘जेपर्डी’ नावाचा कार्यक्रम सुरू होई. २० डिसेंबरला, सोमवारी, मी तो पहिल्यांदा पाहिला. बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढत मी उभी होते. पडद्यावर निळ्या चौकोनांत पांढरी अक्षरे, तीन माणसे, आणि डावीकडे गळ्यात मोत्यांची माळ घातलेली एक शांत बाई. तिचे नाव एमी श्नायडर, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची अभियंता. तोपर्यंत ती सलग तेरा दिवस जिंकली होती. जावयांनी सांगितले, ‘‘आई, इथे जिंकलेला माणूस उद्या परत येतो. हरला की घरी.’’

या कार्यक्रमाची रीत उलटी आहे. सूत्रसंचालक उत्तर वाचतो आणि स्पर्धकाने त्याचा प्रश्न सांगायचा. त्यामागे एक इतिहास आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत प्रश्नमंजूषांचे मोठे प्रकरण झाले. लोकांना आवडणाऱ्या स्पर्धकांना आधीच उत्तरे पढवून ठेवलेली होती. १९५९ मध्ये चार्ल्स व्हॅन डोरेन या लाडक्या विजेत्याने अमेरिकन काँग्रेससमोर तशी कबुली दिली आणि प्रेक्षकांचा विश्वास उडाला. पुढे निर्माते मर्व्ह ग्रिफिन यांना त्यांच्या पत्नी ज्युलॅन विमानात म्हणाल्या, की मग स्पर्धकांना उत्तरेच देऊन टाका, प्रश्न ते सांगतील. नमुना म्हणून त्यांनी एक आकडा दिला, ५,२८०. ग्रिफिन यांनी प्रश्न सांगितला, ‘एका मैलात फूट किती?’ ३० मार्च १९६४ला कार्यक्रम सुरू झाला.

खेळ भराभर चालतो. दोन फेऱ्यांचे तीस-तीस आणि शेवटचा एक, असे एका भागात एकसष्ट प्रश्न. शेवटच्या प्रश्नावर स्पर्धक आपल्या कमाईतली रक्कम पैजेला लावतो, बरोबर आला तर तेवढी वाढते, चुकला तर जाते. जाहिराती वगळल्या तर अर्धा तासही पुरता हातात नसतो. वाचन संपण्याआधी कळ दाबली तर पाव सेकंद ती बंद पडते, तेवढ्यात दुसरा बाजी मारतो. एका दिवसात पाच भागांचे चित्रीकरण होते. विजेता आत जातो, कपडे बदलतो आणि पुन्हा त्याच जागी उभा राहतो. मदतीला ना फोन, ना प्रेक्षक.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून मी एमीची वाट बघू लागले. ती पारलिंगी स्त्री आहे हे लेकीने मला सांगितले. माझ्या पिढीला अशा गोष्टी कुजबुजत सांगितल्या जायच्या. इथे मात्र ही बाई रोज सातला घरात येत होती आणि आम्ही तिघे तिच्याबरोबर उत्तरे शोधत होतो. तिला काय येते, कुठे ती थांबते, पैज लावताना किती सावध असते, सगळे ओळखीचे झाले. एका दिवसात कोणाचीही अशी ओळख होत नाही. ७ जानेवारीला अठ्ठाविसावा विजय मिळवून या कार्यक्रमात दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडणारी ती पहिली स्त्री ठरली. त्या रात्री लेकीने आपणहून देवापुढे साखर ठेवली.

तिला प्रश्न विचारणारा होता केन जेनिंग्ज. तो एके काळी सॉल्ट लेक सिटीचा संगणक अभियंता होता. पूर्वी या कार्यक्रमात पाच विजय झाले की स्पर्धकाला निरोप देत. २००३ मध्ये ती अट काढली आणि दुसऱ्याच वर्षी जेनिंग्ज सलग ७४ सामने जिंकला. कमाई २५ लाख २० हजार ७०० डॉलर. तो हरला ३० नोव्हेंबर २००४ला. वर्षातले चारच महिने काम करणारे ७० हजार हंगामी पांढरपेशे कर्मचारी कोणत्या कंपनीचे, असा शेवटचा प्रश्न होता. तो कुरिअर कंपनी म्हणाला. उत्तर होते लोकांची करविवरणे भरून देणारी कंपनी. पाचाची अट तशीच ठेवली असती तर हा माणूस सहाव्या दिवशी घरी गेला असता, आणि एका माणसाच्या डोक्यात केवढे मावते हे कोणालाच कळले नसते.

२६ जानेवारीला सकाळी आम्ही मोबाइलवर दिल्लीचे संचलन पाहिले. संध्याकाळी एमीचा एकेचाळिसावा सामना. शेवटच्या प्रश्नाआधी तिच्याकडे २७,६०० डॉलर, तिच्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या तरुणाकडे १७,६००. विषय जगातले देश. पडद्यावर ओळी आल्या: इंग्रजी नाव एच अक्षराने संपणारा जगातला एकमेव देश, लोकसंख्येतही पहिल्या दहांत. मी मोठ्याने म्हणाले, ‘‘बांगलादेश!’’ बाळ दचकले. १९७१ला मी चौथीत होते. वडील पोस्टात होते. त्या वर्षी प्रत्येक पत्रावर शरणार्थी साहाय्याचे पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. वडिलांनी एक तिकीट माझ्या भूगोलाच्या वहीत चिकटवून दिले होते आणि खाली त्या देशाचे नाव माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतले होते. शेवटचा एच मी विसरले होते, तो त्यांनी लाल शाईने घातला. पन्नास वर्षांनी एडिसनच्या दिवाणखान्यात तो लाल एच माझ्या डोळ्यांपुढे उभा होता. तीस सेकंदांचे संगीत संपले. एमीची पाटी कोरी होती. त्या तरुणाने बांगलादेश लिहिले होते आणि १२ हजारांची पैज लावली होती. तो २९,६०० वर गेला, ती १९,६०० वर आली. चाळीस विजय, १३ लाख ८२ हजार ८०० डॉलर, आणि तिथे संपले. माझ्या डोळ्यांत पाणी आले.

मग जावयांनी त्या तरुणाची माहिती वाचून दाखवली. रोन टाल्स्मा, शिकागो, व्यवसाय ग्रंथपाल.

मी खुर्चीत बसले. ते पुढे वाचत गेले तर आणखी एक गोष्ट निघाली. २०१९ मध्ये लास व्हेगासच्या जेम्स होल्झहाउअरने ३२ सामन्यांत २४ लाख ६२ हजार २१६ डॉलर मिळवले होते. एका दिवसाचा १,३१,१२७ डॉलरचा विक्रमही त्याचाच. तयारीसाठी त्याने वाचनालयातल्या लहान मुलांच्या विभागातली पुस्तके वाचली, कारण त्यांत चित्रांसकट नेमके तेवढेच सांगितलेले असते. आणि त्याला हरवले एमा बोएचर हिने. तीही शिकागोची, विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणारी. याच कार्यक्रमातल्या प्रश्नांची काठिण्यपातळी संगणकाला ओळखता येईल का, यावर तिने पदव्युत्तर प्रबंध लिहिला होता. एवढे दोन मोठे विजेते दोन ग्रंथपालांपुढे थांबले. ज्यांना गावात ‘पुस्तकं देणारी बाई’ म्हणतात, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

आपल्याकडे २००० पासून ‘कौन बनेगा करोडपती’ आहे, मराठीतही त्याच साच्याचा कार्यक्रम आला. मी ते आवडीने पाहिले. २०१९ मध्ये अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, एक कोटी जिंकल्या तेव्हा मी उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या. महिना दीड हजारावर राबलेल्या बाईचे वाचन सगळ्या देशाने पाहिले. पण पुढच्या भागात त्या नव्हत्या. मला त्यांना आणखी दहा दिवस पाहायचे होते. त्यांना काय काय माहीत आहे, ते कुठून आले, कुठला विषय अडतो, हे पाहायचे होते. आपल्या साच्यात माणसाचे दुःख आधी दाखवतात, मग थोडे प्रश्न, मग धनादेश, मग निरोप. घरची परिस्थिती सांगण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात तिकडे एक फेरी उरकते. प्रेक्षकाच्या लक्षात रक्कम राहते, प्रश्न राहत नाही.

एडिसनहून परत आल्यावर मी ही रीत आमच्या वाचनालयात आणली. निवृत्तीनंतरही रविवारची सकाळ संचालकांनी माझ्याकडे ठेवली आहे. तीन मुले, टेबलावर तीन घंट्या, एकवीस प्रश्न. जिंकणाऱ्याला एक पुस्तक आणि पुढच्या रविवारची खुर्ची. पहिले काही महिने दर आठवड्याला नवा विजेता होई. मग आठवीतली एक मुलगी आली. तिचे वडील कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, दुकानात असतात. आमच्या भागातली निम्मी घरे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली आहेत, तेव्हा या मुलीला भारताचा नकाशा नातेवाइकांच्या पत्त्यांवरून पाठ. मदुराई म्हटले की मामा, गुवाहाटी म्हटले की चुलते. ती सलग नऊ रविवार जिंकली. चौथ्या रविवारपासून मुले तिला हरवायला येऊ लागली. आठव्याला खुर्च्या कमी पडल्या, सतरंजी अंथरली. सहावीतला एक मुलगा रोज शाळा सुटल्यावर येऊन विश्वकोशाचे खंड वाचू लागला. ते घरी देत नाहीत म्हणून तो कपाटाशेजारी फरशीवरच बसे. बोट ओळीवर, ओठ हलत.

दहाव्या रविवारी दोघांचे गुण सारखे झाले. मी शेवटचा प्रश्न विचारला, कृष्णा आणि वारणेचा संगम कुठे? मुलीने घंटी आधी वाजवली. ‘‘नरसोबाची वाडी.’’ तिथे पंचगंगा मिळते. मुलगा लगेच बोलला नाही, डोळे मिटून त्याने नदी वरून खाली मनात आणली असावी: माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना. मग म्हणाला, ‘‘हरिपूर.’’ मुलगी रडली, त्याला हस्तांदोलन करून खाली सतरंजीवर जाऊन बसली. सोमवारी संध्याकाळी ती विश्वकोशाच्या कपाटाशी होती.

ही गर्दी बक्षिसाने आणलेली नाही. पुस्तक ऐंशी रुपयांचे होते. कोणीतरी टिकून आहे आणि त्याला हरवायचे आहे, यासाठी मुले आली. वाहिन्यांना फार खर्चाचे असे यात काही नाही. बक्षीस लहान ठेवा, प्रश्न जास्त विचारा, मराठीत विचारा, आणि विजेत्याला पाच दिवसांनी घालवू नका. प्रश्न काढायला माणसे लागतील तर गावोगावच्या वाचनालयांतले ग्रंथपाल आनंदाने काढतील. त्यांना कोणी विचारलेले नाही, एवढेच.

या रविवारी सकाळी दहाला त्या मुलाचा चौथा सामना आहे. समोर ती मुलगी पुन्हा उभी राहणार आहे.

आपली नम्र,

एक निवृत्त ग्रंथपाल,
विटा, जि. सांगली