राणीचं ऑपरेशन आणि वहिनींचं ऑपरेशन

विश्रामबाग, सांगली
रविवार

प्रिय दिलीप,

पत्र मिळालं. वहिनी घरात हिंडू-फिरू लागल्या हे वाचून बरं वाटलं.

"मिरजेत हिची पिशवी काढली तर पाच दिवस ठेवून घेतलं, आणि राणीची पिशवी काढून संध्याकाळी घरी न्या म्हणतात. म्हणजे कुत्र्यांचं काम वरवरचं असतं का?" असं तू विचारलंस. उलटं आहे लेका. राणीचं ऑपरेशन वहिनींच्या ऑपरेशनपेक्षा मोठं आहे.

वहिनींची नुसती गर्भपिशवी काढली, अंडाशयं ठेवली. बाईच्या हाडांना त्यांचा आधार असतो, म्हणून निरोगी असतील तर पाळी जायच्या आधी सहसा हात लावत नाहीत. कुत्रीत मुख्य काढायचं ते अंडाशयच. युरोपात बरेच डॉक्टर निरोगी तरुण कुत्रीची नुसती अंडाशयं काढतात, पिशवी आत ठेवतात, आणि त्याने काही बिघडत नाही. पण अंडाशयाचा मसुराएवढा तुकडा जरी मागे राहिला तरी कुत्री पुन्हा माजावर येते, आणि मालक म्हणतो ऑपरेशन केलंच नाही.

आता आकार बघ. बाईची पिशवी उलटा धरलेल्या छोट्या पेरूएवढी, ओटीपोटात खाली बसलेली. कुत्रीची बेचकीसारखी. दांडा आखूड, दोन फांद्या लांबलचक, आणि त्यांची टोकं थेट मूत्रपिंडापर्यंत. एका वेळी सात-आठ पिल्लं रांगेत मावायची तर जागा लागणारच. म्हणजे बेंबीच्या मागे दोन-अडीच इंचांची चीर घेऊन पोटाच्या दोन्ही टोकांना काम करायचं. अंडाशय एका चिवट पट्ट्याने वर बरगड्यांच्या बाजूला बांधलेलं असतं. तो पट्टा बोटाने ताणून सैल केल्याशिवाय अंडाशय चिरेपर्यंत येत नाही. उजवं डाव्यापेक्षा पुढे आणि खोल असतं, आणि कारवानी या शिकारी जातीची छाती खोल, त्यामुळे राणीत ते आणखी आत. पट्टा ताणला की हृदयाचे ठोके एकदम वाढतात. भूल उथळ असेल तर ते इथेच कळतं.

मग अंडाशयाच्या देठावर तीन क्लॅम्प लावतात. सगळ्यांत खालचा क्लॅम्प काढून त्याने चेपलेल्या खाचेत दोरा बसवतात, कारण तिथली चरबी आधीच दबलेली असते. पाच वर्षांच्या लठ्ठ कुत्रीचा देठ चरबीने अंगठ्याएवढा जाड होतो. त्यावर बांधलेली गाठ तेव्हा घट्ट वाटते, पण चरबी दबून ती सैल पडते. भुलेत रक्तदाब कमी असतो तोवर रक्त येत नाही; कुत्री शुद्धीवर आली, दाब वाढला की आत वाहायला लागतं. म्हणून संध्याकाळी हिरड्या बघायच्या. बोटाने दाबून सोडल्या की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हव्यात. पांढऱ्या दिसल्या, पोट फुगलं, तर रात्र असली तरी डॉक्टरला उठव.

मूत्रवाहिनीची, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीची, भीती मात्र दोन्हीकडे सारखी. बाईची पिशवी काढणाऱ्या डॉक्टरच्या मनात ती नळी सतत असते आणि आम्हा जनावरांच्या डॉक्टरांच्याही. चुकून दोऱ्यात आली की त्या बाजूचं मूत्रपिंड गेलं.

तारीख ठरवण्याआधी दोन गोष्टी. राणी दिवाळीत माजावर होती म्हणतोस, तर संक्रांत उलटून पुढे दोन-तीन आठवडे जाऊ देत. माजात आणि नंतर काही आठवडे पिशवीच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. पण मधल्या काळात ती खूप पाणी प्यायला लागली, खाणं सोडलं किंवा मागून पू दिसला तर थांबू नकोस. माजानंतर दोन महिन्यांत पिशवीत पू होऊ शकतो, आणि पिशवीचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. दुसरी गोष्ट रक्ततपासणीची. आपल्याकडे गोचिडांचा ताप घरोघरच्या कुत्र्यांत, आणि त्यात प्लेटलेट कमी होतात, डेंग्यूत होतात तशाच. कुत्री वरून ठणठणीत दिसते, पण चीर घेतली की रक्त थांबत नाही. आकडा १ लाखाच्या खाली असला तर आधी तापावर उपचार, मग ऑपरेशन. मशीनचा आकडा गुठळ्यांमुळे खोटा कमी येतो, म्हणून काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांग.

भुलेबद्दल स्पष्ट विचार. वहिनींच्या वेळी भूलतज्ज्ञ वेगळा होता. आमच्याकडे पुष्कळदा इंजेक्शन देणारा आणि चिरणारा एकच. म्हणून विचार की श्वासावर लक्ष कोण ठेवणार, शिरेत सुई लावून ठेवणार का, श्वासनळीत नळी घालणार का. (वहिनींना ७ मिलिमीटरची नळी पुरते, २० किलोच्या राणीला ९ ची लागेल. ऑक्सिजन मोजणारा चिमटा तिच्या जिभेला लावतात, बोटांना केस.) शिकारी जातीच्या अंगावर चरबी नसते आणि काही औषधं त्यांच्या यकृतात सावकाश मोडतात, थायोपेंटोन हे भुलेचं इंजेक्शन दिलं तर तासन् तास उठत नाहीत. प्रोपोफॉलचं इंजेक्शन आणि वासाची भूल देणार असतील तर उत्तम. तशी सोय साताऱ्यात नसेल तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे.

ब्रिटनमधली एक मोठी पाहणी २००८ साली छापून आली. भूल दिलेल्या दर १० हजार कुत्र्यांमागे १७ दगावली, निरोगी कुत्र्यांत दर १० हजारांमागे ५ च्या आसपास. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू ऑपरेशन आटोपल्यावरचे, आणि त्यांतलेही निम्मे पहिल्या तीन तासांतले. तेव्हा राणी स्वतः उभी राहीपर्यंत तिथून हलू नकोस. अंग १०० फॅरनहाइटच्या वर आलंय का विचार. तिचं रोजचंच १०१-१०२ असतं. गरम पाण्याची बाटली ठेवलीस तर टॉवेलात गुंडाळून, गुंगीत तिला भाजलेलं कळत नाही.

रात्री नऊनंतर खाणं बंद. दूध हे खाणंच, आणि पोरांचं बिस्किटही. पाणी सकाळी सहापर्यंत चालेल.

घरी आल्यावर खरं काम तुझं. वहिनींना "वजन उचलू नका" म्हटलं की कळलं. राणी दुसऱ्याच दिवशी मांजर दिसलं की भिंत ओलांडेल, कारण तिला बरं वाटत असेल. पोट धरून ठेवतो तो पोटाच्या स्नायूंमधल्या पांढऱ्या पट्टीवरचा टाका. वरचे टाके नुसते कातडीचे. तो आतला तुटला की आतडं बाहेर. म्हणून १० दिवस साखळीनेच फिरव, जिना नाही, गच्ची नाही. वरचे टाके १० ते १४ दिवसांनी निघतील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लिंबाएवढी मऊ सूज आली तर बहुधा पाणी साठलेलं असतं, कुत्र्याची कातडी सैल म्हणून. पण दाबल्यावर सूज आत जात असेल तर दाखव.

कॉलरचं नीट ऐक. दुकानातली नरसाळ्यासारखी कॉलर लॅब्राडोरच्या मापाची असते. कारवानीचं तोंड लांब, ते कॉलरच्या बाहेर येतं आणि जीभ टाक्यांपर्यंत पोचते. शिवाय डोकं मानेपेक्षा बारीक, त्यामुळे एका झटक्यात निघते. गळ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत माप घे, त्यात दोन इंच मिळव, आणि कॉलरच्या भोकांतून तिचा पट्टा ओवून बांध. चाटल्याने जखम भरते असं आई म्हणतील. म्हणू देत, कॉलर काढू नकोस.

दुखण्याला मेलॉक्सिकॅम देतील. पहिल्या दिवशी किलोला ०.२ मिलिग्रॅम, पुढे ०.१, दिवसातून एकदा, पोटात काही असताना. घरातलं डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन अजिबात नको, पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंड जातं. शेजारच्या मांजराला तर पॅरासिटॅमॉलची गोळीही जीवघेणी.

मेहुण्याच्या लॅब्राडोरच्या गुडघ्याचं विचारलंस. माणसाचा तुटलेला लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणारा पट्टा, दुसऱ्या स्नायूबंधाने नवा करतात आणि कुबड्या देतात. कुत्र्याला कुबड्या कुठल्या? शिवाय त्याच्या नडगीच्या हाडाचा माथाच २४ अंशांच्या आसपास उतरता, दर पावलाला मांडीचं हाड मागे घसरतं. म्हणून तो माथा गोल कापून ५ अंशांपर्यंत फिरवतात आणि प्लेटने बसवतात. मग लिगामेंट नसला तरी चालतं. खर्चाचं काम आहे, आधी वजन उतरवायला सांग.

डॉक्टरकडे जाताना राणीचं खरं वजन घेऊन जा, औषधं त्यावरच ठरतात. तिला उचलून काट्यावर उभा राहा आणि मग तुझं वजा कर. तुझं वजन आम्हाला कळवलं नाहीस तरी चालेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुभाष