पट्ट्यांच्या लेंग्यातली टीम आणि तिचा कोच

ब्लूमिंग्टन, इंडियाना
१९ जानेवारी २०२५

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "काय गं, तुमच्या त्या म्हाताऱ्याला काढतायत म्हणे?" मी भांडी घासत होते, "हो, बहुतेक" म्हणून विषय संपवला. (बाबा, तो म्हातारा ६६ वर्षांचा आहे. तुमच्याहून आठ वर्षांनी लहान.) पण तुम्ही ते उगाच विचारलं नव्हतं, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. म्हणून लिहितेय. आई, कंटाळा आला तर मधलं सोडून दे, तुझ्या गुडघ्याचं शेवटी आहे.

तुम्ही गेल्या हिवाळ्यात आला होतात तेव्हा आपण इथल्या इंडियाना युनिव्हर्सिटीच्या असेंब्ली हॉलमध्ये बास्केटबॉलची मॅच बघितली, आठवतंय ना? बाबा माकडटोपी काढायला तयार नव्हते आणि आईला त्या पोरांचे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे लेंगे बघून हसू आवरत नव्हतं. पाठीवर नावं नाहीत म्हणून तुझी तक्रार होती, "हाक कशी मारायची मग?" तेच हे कोच, माइक वुडसन. १९७६ ते ८० याच कॉलेजकडून खेळले, पुढे एनबीएमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, अटलांटा आणि न्यूयॉर्कच्या टीमचे कोच झाले आणि २०२१ मध्ये माहेरी परत आले.

आता नुसते आकडे बघितले तर तुम्ही म्हणाल, लोकांना झालंय काय? १४ जिंकल्या, ५ हरल्या. पण हरल्या त्या कशा, ते बघा. नोव्हेंबरात लुइव्हिलकडून २८ पॉइंटनी. गेल्या शनिवारी आयोवात २५ नी. मंगळवारी इथे, आपल्या घरी, इलिनॉयकडून पुन्हा २५ नी, ९४-६९. सीझनच्या आधी देशात सतराव्या नंबरवर धरलेली टीम ही. शुक्रवारी ओहायोत ओव्हरटाइममध्ये एका पॉइंटनं जिंकले, पण त्यानं कुणाचं समाधान झालेलं नाही.

मंगळवारी मी हॉलमध्ये होते. ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या तिकिटावर, खालच्या बाजूला, खेळाडूंच्या बेंचपासून फार लांब नाही. "फायर वुडसन" (वुडसनला काढा) सुरू झालं ते आधी वरून आलं, मग कोपऱ्यातल्या विद्यार्थ्यांनी उचललं. पहिल्यांदा मी गप्प होते. दुसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा, बाबा, मीही ओरडले. घसा ताणून. बेंचच्या टोकाला बसलेला एक पोरगा टॉवेलचं टोक दातात धरून समोर बघत होता. त्यानं मान वळवली नाही, पण त्याला ऐकू येत होतं एवढं नक्की.

या लोकांचं दुखणं जुनं आहे. हॉलमध्ये पाच विजेतेपदांचे बॅनर टांगलेत ते आपण मोजले होते. शेवटचा १९८७ चा, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. त्यातले तीन जुने कोच बॉब नाइट यांच्या हाताखालचे. १९७६ ची त्यांची टीम ३२ पैकी ३२ जिंकली, आणि पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये एकही मॅच न हरता विजेतेपद त्यानंतर आजवर कुणाला जमलेलं नाही. वुडसन त्याच वर्षी शरद ऋतूत इथे दाखल झाले. नाइट फार तापट, भर मॅचमध्ये खुर्ची फेकलेला माणूस. २००० मध्ये युनिव्हर्सिटीनं त्यांना काढलं, तर वीस वर्षं त्यांनी या हॉलची पायरी चढली नाही.

तेव्हापासून वुडसन हे पाचवे कोच. एक जण फायनलपर्यंत नेऊन चार वर्षांनी गेला. दुसऱ्याला नवे खेळाडू ओढण्यासाठी केलेल्या नियमबाह्य फोनाफोनीपायी जावं लागलं, आणि त्याच माणसानं पुढे ह्यूस्टनची टीम देशातल्या पहिल्या रांगेत नेऊन बसवली. तिसऱ्याला काढलं, त्याच्या आदल्याच वर्षी तो लीग जिंकला होता. चौथ्याला घरी पाठवायला एक कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागले, देणगीदारांनी मोजले. आपल्या हिशोबात पंचाहत्तर कोटींच्या घरात! दर वेळी बोहल्यावर नवा नवरदेव आणि दर वेळी त्याच्यात नाइट शोधायचे.

मग म्हणायचं का, की कोच बदलून काही होत नाही? तसंही नाही. शेजारच्या स्टेडियमकडे बघा. इथली (अमेरिकन) फुटबॉलची टीम म्हणजे वर्षानुवर्षं चेष्टेचा विषय होती. २०२३ मध्ये ३ जिंकल्या, ९ हरल्या. कोच बदलला, आणि पहिल्याच वर्षी ११ जिंकून गडी थेट प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत. आता बास्केटबॉलवाल्यांना धीर कुठून राहणार?

वुडसनचं सगळंच वाईट नाही. पर्ड्यू या कट्टर प्रतिस्पर्धी कॉलेजकडून लागोपाठ नऊ वेळा मार खाल्ला होता, तो फेरा त्यांनी मोडला. सहा वर्षांनी टीम मार्चच्या मोठ्या स्पर्धेत नेली, पुढच्या वर्षी पुन्हा नेली. पण खेळ पुढे गेलाय. आता सगळे लांबून तीन-तीन पॉइंटचे शॉट मारतात, आणि हे अजून दोन ताडमाड पोरं बास्केटखाली उभी करून बॉल आत ढकलतात. दर वर्षी पोरं कॉलेज बदलतात, पैसे घेतात, निम्मी टीम नवी असते. दर वर्षी नव्यानं संसार मांडायचा, तोही जुन्या भांड्यांनी.

इथेच मला तुमची मॅट आठवली, बाबा. तुम्ही मातीवरचे खो-खोचे सर. मॅट आली, बूट आले, पोरी वेगळ्याच वेगानं धावायला लागल्या आणि तुम्ही मात्र मातीवरचाच सूर शिकवत राहिलात. तीन वर्षं टीम तालुक्यातून पुढे गेली नाही. परवा तुम्हीच म्हणालात, "मला काढलं ते बरोबरच होतं, उलट वर्षभर उशीर केला." नव्या सरांनी दोन वर्षांत पोरींना विभागीयला नेलं, हेही तुम्हीच सांगता, आणि जरा अभिमानानंच सांगता.

पण बक्षीस समारंभात मागून कुणीतरी ओरडलं होतं, "शिंदे सर, आता पुरे!" आणि स्टेजवर तुमच्या पोरी रांगेत उभ्या होत्या. त्यातली शेवटून दुसरी मी होते. तुम्ही ऐकलंच नाही असं दाखवलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या सरांसाठी मैदानावर फक्की मारून आलात, आणि घरी आल्यावर हात तीनदा धुतलेत. आईनं विचारलं तर म्हणालात, चुना जात नाही.

तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: हो, वुडसन यांनी जावं. मार्चमध्ये सीझन संपल्यावर. नव्याला निदान चार वर्षं द्यावीत, आणि त्याच्यात कुणी नाइट शोधू नयेत. पण ते ऑफिसात बसून ठरवावं. वीस वर्षांची पोरं कोर्टवर खेळत असताना, त्यांच्या कानावर पडेल असं ओरडून नाही. मी ओरडले त्याची लाज वाटते. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, तिकिटाचे पैसे दिलेत, ओरडायचा हक्क आहे. असेलही.

पुढच्या रविवारी मेरीलंड येतंय. तिकीट घेतलंय, तोंड बंद ठेवीन म्हणते.

आई, गुडघ्याचा एक्स-रे दादाला व्हॉट्सॲपवर पाठवायला सांग, नुसतं "बरं आहे" नको. बाबांची बीपीची गोळी सकाळी चहाआधी, मॅच बघता बघता नव्हे. आणि बाबा, ती तुमची पितळी शिट्टी कपाटात असेल तर टाकू नका. पुढच्या खेपेला मला हवी आहे.

तुमची,
सोनू