वजनमाप खात्यातल्या मनूस

लालबाग, मुंबई

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

वैधमापन खात्यात उपनियंत्रक झालीस, चाळीत पेढे वाटून झाले. (आम्हा दुकानदारांसाठी ते अजून वजनमाप खातंच.) फोन केला की ‘बाबा, मीटिंगमध्ये आहे’ म्हणतेस, म्हणून लिहायला बसलो. मी जन्मभर काट्याच्या पलीकडे उभा होतो, तेव्हा तिकडचं थोडं ऐक.

१९९८ सालची गोष्ट, तू शाळेत होतीस. अर्धा किलोच्या वजनाच्या तळाच्या भोकात भार नेमका करायला भरलेलं शिसं दिवाळीपासून हलत होतं. मला दिसत होतं, पण खात्याकडून तपासणीचा शिक्का मारून घेताना भरून घेऊ म्हणत ढकलत राहिलो. एक दिवस ते पडलंच, आणि नेमके त्याच आठवड्यात निरीक्षक आले. वजन सात ग्रॅम कमी भरलं. चूक माझीच. पण त्या गृहस्थांनी ते उलटं करून तळाचं भोक गिऱ्हाइकांना दाखवलं. ‘बघा, तुमचा वाणी!’ समोर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, तूरडाळ घ्यायला आलेल्या. खटला टाळायला तडजोड शुल्क किती भरलं ते आज आठवत नाही. काकू पुढे महिनाभर दुकानाची पायरी चढल्या नाहीत, ते आठवतं.

कुणाला सोड असं म्हणत नाही. सात ग्रॅम म्हणजे सात ग्रॅम. पण वजन जप्त करा, पंचनामा करा, पावती द्या. भोक दाखवायची काय गरज होती?

आणि केसचा आकडा वाढवायचा तर भाजीवालीचा तराजू सगळ्यात सोपा. ती वकील आणत नाही. मिठाईवाला मात्र खोक्यासकट काजूकतली तोलतो. खोकं ऐंशी ग्रॅमचं, भाव हजार रुपये किलो, म्हणजे ऐंशी रुपयांचा पुठ्ठा घरी आला. दिवाळीच्या चार दिवसांत किती खोकी जात असतील, तूच मांड. दुधाच्या पिशवीवर छापील किमतीच्या वर ‘कूलिंग’चे दोन रुपये घेतात, तेही बघ.

तुझी आई हल्ली मोबाइलवरून सामान मागवते. निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता हे सगळं ॲपवर दाखवणं २०१८ पासून बंधनकारक आहे ना? परवा ती शेवयांच्या पाकिटाचा फोटो दोन बोटांनी ताणून ताणून वजन शोधत होती, शेवटी चष्म्यावरच वैतागली. ॲपवाल्यांचे ते तेरा फसवे डाव (‘डार्क पॅटर्न’ म्हणतात ते), २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतले, ते दिल्लीच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जातात, ठाऊक आहे मला. पण पाकिटाचं वजन तर तुझ्याच खात्यातलं.

हाताखालचे जुने निरीक्षक वयाने मोठे असतील. त्यांच्याशी आदराने बोल. कुठल्या गल्लीत काय चालतं ते फायलीत सापडत नाही, त्यांना ठाऊक असतं. आणि महिन्यातून एकदा ड्रायव्हरला सुट्टी देऊन पिशवी घेऊन स्वतः बाजारात जा. पेपरात फोटो छापून येईपर्यंत जमेल.

आई विचारते, डबा नेतेस का.

ते अर्धा किलोचं वजन सोबत पाठवतोय. नंतर शिसं भरून घेतलं होतं, त्यावरचा ९८ चा शिक्का अजून वाचता येतो. टेबलावर कागद दाबायला ठेव. मात्र त्याने काही तोलू नकोस. शिक्क्याची मुदत केव्हाच संपलीय, पहिली केस तुझ्यावरच व्हायची.

तुझे,
बाबा