अडीच स्क्वेअरच्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी: चुकीच्या सल्ल्याबद्दल व सदोष डीबीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या कंपनीचा टू बीएचकेसाठीचा तयार डीबी (वीजवाटपाची पेटी) म्हापशातील फ्लॅटमध्ये बसवला आहे. एसीचा कॉम्प्रेसर चालू होताच त्याचा १६ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप तुटणारा स्विच) पडतो, असे कळवल्यावर तुमच्या सेवा केंद्राने सांगितले, "३२ चा टाका, मग पडणार नाही." खरे आहे. भिंतीतली वायर वितळू लागली तरी पडणार नाही.

एमसीबीचा आकडा वायरवरून ठरतो. इथे भिंतीतल्या पाइपातून अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची पीव्हीसी वायर गेली आहे. ३० अंशांना ती साधारण २४ अँपिअर पेलते. ४० अंशांना ०.८७ ने गुणले की २१ च्या आसपास उरतात, त्याच पाइपात दुसरे सर्किट असेल तर त्याहून कमी. आयएस/आयईसी ६०८९८-१ या घरगुती एमसीबीच्या मानकाप्रमाणे ३२ चा एमसीबी १.१३ पट, म्हणजे ३६ अँपिअरला तासभर पडता कामा नये, १.४५ पट, म्हणजे ४६ अँपिअरला पडायला तो एक तासापर्यंत वेळ घेऊ शकतो. २१ च्या वायरला तासभर ४६ अँपिअर! हा सल्ला फोनवर देणाऱ्याने वायर किती स्क्वेअरची आहे, एवढेही विचारले नाही.

मूळ दोष तुमच्या निवडीत आहे. एसीच्या एमसीबीवर 'बी १६' छापले आहे. 'बी' हा कर्व्ह, म्हणजे अचानक वाढलेल्या किती प्रवाहाला एमसीबी लगेच पडेल ते सांगणारे अक्षर. बी कर्व्हचा चुंबकीय भाग तिप्पट ते पाचपट प्रवाहाला, म्हणजे ४८ ते ८० अँपिअरमध्ये कुठेही, तत्क्षणी सुटतो. इन्व्हर्टर नसलेला दीड टनाचा एसी चालताना सात-आठ अँपिअर घेतो, पण उठताना क्षणभर पाच-सहा पट ओढतो. बी १६ तिथेच अडू शकतो. सी कर्व्हला हीच मर्यादा पाच ते दहा पट, सी १६ साठी ८० ते १६० अँपिअर. अँपिअर तेच ठेवून फक्त कर्व्ह बदलायचा होता. गिझरला बी चालतो, कारण कॉइलला उठतानाचा झटका नसतो.

एमसीबी लगेच न पडता अर्ध्या तासाने पडला असता तर ओव्हरलोड किंवा सैल स्क्रू शोधावा लागला असता: टर्मिनल तापते आणि बायमेटलला (उष्णतेने वाकून एमसीबी पाडणाऱ्या पट्टीला) ती उष्णता ओव्हरलोडसारखीच लागते. वायरमनकडून तपासून घेतले आहे. स्क्रू घट्ट आहेत, टर्मिनल काळे पडलेले नाही, खाऱ्या हवेचा हिरवा थरही नाही.

डीबीसोबत आलेल्या कार्डावर त्यातला आरसीसीबी (गळतीला पडणारा स्विच) 'ओव्हरलोडपासून संरक्षण' देतो असे छापले आहे. तो फक्त जमिनीकडे होणारी विजेची गळती ओळखतो. मेनला तुम्ही ४० चा आयसोलेटर दिला आहे, म्हणजे निव्वळ स्विच. बाहेर जाणारे एमसीबी दोन १० चे आणि चार १६ चे, बेरीज ८४. एकही एमसीबी न पडता ४० अँपिअरच्या आरसीसीबीतून ५० जाऊ शकतात, आणि पेटीत ते थांबवणारे काहीच नाही.

शॉर्ट सर्किटचा किती प्रवाह एमसीबी तोडू शकतो, तो आकडा खोक्यावर १० केए (१०,००० अँपिअर), एमसीबीच्या चौकटीत मात्र ६०००. घराला ६००० बहुधा पुरतात, तो वाद नाही. १० हा आकडा ६०९४७-२ या औद्योगिक मानकाचा असेल तर तसे छापा. एमसीबीचे अँपिअर ज्या तापमानाला धरलेले असतात, ते संदर्भ तापमान ३० अंश आहे. गोव्यात मे महिन्यात बंद पेटीत एकमेकांना खेटून बसलेल्या एमसीबींना ते कुठून मिळणार? तापमानानुसार किती अँपिअर कमी धरायचे, याचा तक्ता कार्डावर नाही.

माझ्या मागण्या: बी १६ च्या जागी सी १६ आणि आयसोलेटरच्या जागी ४० चा डबल पोल (फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, दोन्ही विनामूल्य, ३२ चा सल्ला मागे घेतल्याचे लेखी पत्र, आणि कार्डावर प्रत्येक एमसीबीसमोर वायरचा किमान स्क्वेअर एमएम. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन. बिलाची प्रत, लेबलांचे व कार्डाचे फोटो जोडले आहेत.

आपला ग्राहक,
म्हापसा, गोवा