गुंडाळी सुटू दे

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, दिवसभर स्क्रीनसमोर बसून रात्री आडवं झालं तरी डोकं चालूच राहतं. मी नुसतं "हो रे" म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र माझा क्विलिंगचा, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून नक्षी करायच्या सामानाचा, डबा उघडला आणि त्यातल्या निम्म्या पट्ट्या तुझ्यासाठी बाजूला काढल्या. सोबतच्या पाकिटात त्या आहेत, गुंडाळायचं टूलही आहे.

पट्ट्या ३ आणि ५ मिलिमीटर रुंदीच्या आहेत. सुरुवात ५ च्या पट्टीने कर, अरुंद पट्टी नवख्या हाताला सापडत नाही. टूलच्या टोकाला बारीक खाच आहे. तिच्यात पट्टीचं टोक अडकव आणि टूल फिरव. दुसऱ्या हाताची बोटं पट्टीला फक्त वाट दाखवतील एवढीच धर. थरांच्या कडा एका पातळीत आल्या पाहिजेत, नाहीतर गुंडाळी मधून वर येते. मग टूल हलकेच काढून घे, गुंडाळी टेबलावर ठेव आणि हात बाजूला कर.

ती आपोआप सुटत जाते, सैल होते आणि कुठेतरी थांबते. मला या सगळ्यात हेच सर्वांत आवडतं. किती सुटायचं ते कागद ठरवतो. घाईने टोक चिकटवलंस तर आत मोकळी जागा राहत नाही आणि पुढे तिला आकार देता येत नाही.

थांबली की टोकाला टूथपिकने गोंदाचा ठिपका लाव, ठिपकाच. जास्त झाला की कागद ओला होऊन सुरकुततो. एका बाजूने चिमटलीस की थेंब होतो, दोन्ही बाजूंनी चिमटलीस की डोळा. पाच थेंबांची टोकं एकत्र आली की फूल. आणखी एक, पट्टी कात्रीने कापू नकोस, हाताने फाड. फाटलेल्या कडेचे तंतू गोंदात मिसळतात आणि जोड दिसत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

काही शतकांपूर्वी युरोपातल्या मठांमधल्या जोगिणी कागदाच्या पट्ट्या पक्ष्याच्या पिसाच्या देठावर गुंडाळत. क्विल म्हणजे पीस, त्यावरूनच हे नाव. सोन्याचांदीच्या तारेचं नाजूक जाळीकाम महाग, म्हणून सोनेरी कडेच्या कागदातून त्या तसंच काम उभं करत. पुढे १८ व्या शतकात इंग्लंडमधल्या सधन घरांतल्या बायकांनी हा छंद उचलला, चहाच्या डब्या सजवल्या. आजही लागतं तेवढंच: कागद, गोंद आणि काहीतरी टोकदार.

आजीच्या आजारपणात मी रात्री तिच्या उशाशी बसून हेच करायचे. वाचायला घेतलं तर तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जायची. पट्टीचं तसं नव्हतं. मन भलतीकडे गेलं की गुंडाळी तिरपी व्हायची, आणि ती सरळ करण्यात मन परत यायचं. आवाज नाही, उजेड छोट्या दिव्याचा, आजीने हाक मारली की हातातलं तसंच ठेवून उठता यायचं. काळजी होती तेवढीच राहिली. पण पहाटेपर्यंत छातीवरचा दाब उतरलेला असायचा. तेव्हापासून मला या कामावर विश्वास आहे आणि म्हणूनच तुला पाठवते आहे.

झोपायच्या आधी फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि दहा पट्ट्या गुंडाळ. चित्र, भेटकार्ड असलं काही ठरवू नकोस, एवढ्यात तर नाहीच. ठरवलंस की तेही तुझ्या कामांच्या यादीत जाईल. रंगसुद्धा निवडत बसू नकोस, हाताला येईल ती पट्टी घे. दमट हवेत कागद मऊ पडतो, म्हणून पट्ट्या बंद डब्यात ठेव.

झालेल्या गुंडाळ्या एखाद्या बरणीत टाकत जा. सुट्टीत आलास की बरणी घेऊन ये, फुलं आपण दोघं मिळून जोडू.

तुझी,
आई